फेब्रुवारीचे तीनशे रुपये

फेब्रुवारीचा पगार हाती आला की कार्यालयातली नवी मंडळी हिशेब विभागात एक प्रश्न हमखास विचारतात. दर महिन्याला 200 रुपये कापले जातात, मग याच महिन्यात 300 का? महिना तर उलट छोटा! हिशेबनीस मान वर न करता सांगतो, ‘अकरा महिन्यांचे बावीसशे झाले, वर्षाचे अडीच हजार भरायचे असतात, उरलेले तीनशे आत्ता.’ प्रश्न मिटतो. अडीच हजारच का, आणि ते पुढे कुठे जातात, हे विचारायला कोणी थांबत नाही. पगारपत्रकावर ‘पी. टी.’ एवढंच लिहिलेलं असतं. शाळेत पी. टी. म्हणजे कवायत होती, इथे व्यवसाय कर आहे, एवढी माहिती बहुतेकांना आयुष्यभर पुरते.

वास्तविक ही दोन अक्षरं म्हणजे महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वी केलेल्या एका करारातली सही आहे. ज्याला शहरात दरमहा पगार मिळतो त्यानं थोडे पैसे बाजूला काढायचे. आणि खेड्यात ज्याच्या हाताला कामच नाही त्याला सरकारनं त्यातून काम द्यायचं. मागितल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचं, नाही जमलं तर भत्ता द्यायचा, आणि हे सगळं कायद्यानं. ‘रोजगार हमी’ हा शब्द मराठीत इतका रुळला, त्याचं ‘रोहयो’ होऊन तो इतका थट्टेचाही झाला, की तो देशातला कामाच्या हक्काचा पहिला कायदा होता हेच विसरायला झालं. करार करणाऱ्यांपैकी एका बाजूला आपण काय भरतो ते ठाऊक नाही, दुसऱ्या बाजूला आपल्याला काय मागता येतं ते कोणी नीट सांगितलेलं नाही. असा करार इतकी वर्षं टिकला, हेच नवल.

या कल्पनेचे जनक वि. स. पागे. 1960 ते 1978 अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, गांधी-विनोबांच्या विचारांत वाढलेले आणि संतसाहित्यात रमणारे. सभापती म्हणजे सभागृहात इतरांना बोलू देणारा माणूस. स्वतः योजना मांडण्याची त्याच्याकडून कोणी अपेक्षा करत नाही. पागे मात्र सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातले. तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात त्यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग 1965 च्या सुमारास झाला. गावात काम मागणारी माणसं किती, त्यांना वर्षातले किती दिवस काम नसतं आणि तेवढ्या दिवसांत गावासाठी काय काय करून घेता येईल, याचा हिशेब घालायचा. जमिनीची बांधबंदिस्ती, ताली, नाले, विहिरी. पैसा मजुरांच्या घरात जाईल, माती आणि पाणी गावात राहील. जी गोष्ट घरातल्या बाईला महिन्याचं धान्य लावताना कळते, ती राज्याच्या अर्थसंकल्पात बसवायची होती.

याच सुमारास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडत होते. 1971 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्याच्याकडे जमीन नाही, भांडवल नाही, त्याला विकण्यासारखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे श्रम. तेव्हा सार्वजनिक कामांतून ती विकत घ्या, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. विसापूरचा सभापती आणि पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचले होते.

काम देऊन माणसं जगवायची, ही रीत काही नवी नव्हती. 1876 ते 78 च्या दुष्काळात इंग्रज सरकारनं दख्खनमध्ये मोठी दुष्काळी कामं काढली. नीरेच्या डाव्या कालव्याचं काम त्याच काळातलं. पण खर्च वाढतोय म्हटल्यावर सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीला कात्री लावली: दिवसभर दगड-माती वाहणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. त्यावर मुंबई इलाख्यातल्या लाखभर माणसांनी कामं सोडली. उपाशी माणसांचा तो संप होता. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावचे अहवाल गोळा करून सरकारपुढे ठेवत होती. सत्यशोधकांनी दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी धनकवडीला अन्नछत्र चालवलं होतं. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर नियमावल्या झाल्या. दुष्काळ केव्हा मानायचा, काम केव्हा काढायचं, केव्हा बंद करायचं, हे सगळं कागदावर आलं.

पण ठरवायचं सरकारनंच. पाऊस किती पडला, पीक किती आणे आलं, हे सरकारी डोळ्यांनी पाहायचं आणि मगच दुष्काळ जाहीर करायचा. पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या खाली आली की नाही यावर गावाचं नशीब ठरत आलं आहे. पागे यांच्या योजनेनं हाच क्रम उलटा केला. ज्याच्या घरात आज काम नाही, त्याच्यापुरता आजच दुष्काळ. तो जाहीर करण्याचा अधिकार त्याचा. त्यानं अर्ज करायचा.

योजना 1972 मध्ये राज्यानं स्वीकारली आणि तिची परीक्षा घ्यायला बहात्तरचा दुष्काळ दारात उभा राहिला.

त्याआधीची दोन वर्षंही पावसानं दगा दिला होताच. बहात्तरला विहिरींचे तळ दिसले. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. हमी योजना बाजूला ठेवून केंद्राच्या मदतीनं सरसकट दुष्काळी कामं काढण्यात आली आणि 1973 च्या मे महिन्यात त्यांवर जवळपास 50 लाख माणसं राबत होती. 1971 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात होती. म्हणजे तान्ही पोरं, म्हातारे, मुंबई-पुण्यातली बाबू मंडळी सगळी धरून दर दहा माणसांतलं एक सरकारी कामावर. उन्हाळ्यात एसटीनं जाणाऱ्याला रस्त्याच्या कडेला मैलन् मैल खडीचे ढीग आणि त्यांच्यामागे डोक्याला पदर गुंडाळून बसलेल्या बायका दिसत. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. त्या वयाच्या माणसांना आजही दोन चवी आठवतात: रेशनवर मिळणाऱ्या लालसर अमेरिकन मिलोच्या भाकरीची आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीची. मिलोची आठवण कोणी प्रेमानं काढत नाही. सुकडीची काढतात.

खडी फोडण्याच्या त्या दिवसांत एक सामाजिक गोष्ट घडली, जिची नोंद आकडेवारीत होत नाही. ज्या घरच्या बायका दुसऱ्याच्या बांधावर कधी मजुरीला गेल्या नव्हत्या, ज्यांच्या उंबऱ्याला ते कमीपणाचं वाटलं असतं, त्यासुद्धा खडीवर बसल्या. पाटलाच्या शेतात जाणं म्हणजे पाटलाची चाकरी. सरकारी कामावर जाण्यात कोणाचं मिंधेपण नव्हतं. गावातल्या सगळ्या आळ्यांची माणसं एका मस्टरवर आली. एका माठावर आली असं मात्र म्हणता येत नाही. बाबा आढाव यांची ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ याच दुष्काळाच्या सुमारास गावोगाव फिरत होती, ती उगीच नाही. विहीर आटली तरी तिच्याभोवतीची शिवाशिव आटत नाही, हे दुष्काळानं उघडं पाडलं होतं.

पाऊस आला, दुष्काळ हटला आणि केंद्राचा पैसाही थांबला. खरा प्रश्न इथून सुरू होतो. दुष्काळात सगळ्यांचंच मन द्रवतं. पाऊसपाणी बरं असलेल्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये ज्या भूमिहीनाच्या घरी चूल पेटत नाही त्याचं काय? हमी योजना 1974-75 पासून पुन्हा उभी राहिली आणि तिच्यासाठी पैसा शोधायला सुरुवात झाली. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून कर घ्यायचा आणि तो हमीच्या कामासाठी वापरायचा. मोटारींवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर अधिभार आले. शहरांतल्या दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या मालमत्ता कराच्या बिलावर ‘रोजगार हमी उपकर’ ही ओळ आली; ती आजही छापून येते. या करांतून जेवढं जमेल तेवढीच भर राज्यानं आपल्या तिजोरीतून घालायची, असंही ठरलं.

मुंबईसारख्या शहरावर खेड्यासाठी कर बसवायचा आणि त्यावर मोर्चा निघायचा नाही, ही आज कल्पनेतली गोष्ट वाटते. तेव्हा ते जमलं, कारण प्रत्येकाला त्यात आपलं काहीतरी दिसलं. समाजवादी आणि डाव्या पक्षांना मजुराचा हक्क दिसला. सत्तेतल्या ग्रामीण नेत्यांना तलाव आणि रस्ते दिसले. मुंबईकराला, गावातच काम मिळालं तर लोंढे कमी होतील असं वाटलं. शुद्ध परोपकारानं झालेले करार फार काळ चालत नाहीत; हा सगळ्यांच्या थोड्याथोड्या स्वार्थावर उभा होता, म्हणून चालला. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ‘महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, 1977’ एकमतानं मंजूर केला. 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. राज्यघटनेच्या अनुच्छेद 41 नं कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, म्हणजे सरकारच्या सदिच्छेवर ठेवला होता. महाराष्ट्रानं तो निदान खेड्यांपुरता सदिच्छेतून काढून कायद्यात आणला.

कायद्याचा सगळा जीव मात्र एका चिटोऱ्यात होता: अर्जाची पोच. मजुरानं ठरावीक नमुन्यात काम मागायचं, तारखेची पोच घ्यायची आणि त्या तारखेपासून पंधरा दिवस मोजायचे. काम मिळालं नाही तर सोळाव्या दिवसापासून बेकारी भत्ता. भत्ता सुरुवातीला दिवसाला एक रुपया. पोट भरण्याचा तो विचारच नव्हता. तो सरकारला टोचण्यासाठी होता. पोच असली तर टोचणी लागू. पोच नसली तर मजुरानं काम मागितलंच नव्हतं. ही गोष्ट मजुरापेक्षा कचेरीला लवकर कळली. अर्ज ‘ठेवून जा’ म्हणायचं, तारीख घालायची नाही, साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून सांगायचं. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कित्येक मोर्चांची मागणी काम देण्याची नव्हतीच. आमचे अर्ज घ्या आणि पोच द्या, एवढ्यासाठी बायाबापड्या तहसील कचेरीपुढे दिवसभर बसल्या आहेत.

कामावरचं जग वेगळंच होतं. मुकादम, हजेरी सहायक, मोजमाप घेणारा ओव्हरसियर. मजुरी दिवसावर नव्हती, कामाच्या मापावर होती. माती किती खणली, मुरूम किती, कठीण मुरूम किती, यावर आठवड्याचा हिशेब. त्यामुळे दिवसभर राबून हातात आलेली रक्कम जाहीर झालेल्या दरापेक्षा कमी भरली, की भांडण ठरलेलं. पण याच पद्धतीत एक न्याय आपोआप आला: मातीला दर होता, खणणाऱ्याला वेगळा दर नव्हता. शेतात बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी हा निसर्गनियम असल्यासारखं चाले, तेव्हा हमीच्या कामावर दोघांना एकच भाव होता. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी या योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांत मजुरांची पाहणी केली. येणारे बहुतांश लोक खरोखर गरीब घरांतले होते. ते साहजिकच आहे. उन्हात दगड फोडण्यासाठी श्रीमंत माणूस खोटा दाखला काढत नाही. दारिद्र्यरेषेच्या याद्या, शिफारशी, उत्पन्नाचे दाखले यांतलं काहीही न लागता गरिबाला वेगळं ओळखणारी ही कदाचित एकमेव सरकारी योजना.

मग खोटं कुठे चाललं? मस्टरवर. गावात नसलेली माणसं हजर, मुंबईला गिरणीत असलेला भाऊ हजर, काही ठिकाणी वर्षापूर्वी वारलेलासुद्धा हजर. एकच तलाव दोन खात्यांनी दोनदा खणल्याच्या कहाण्या तर इतक्या, की सरकारी विहीर चोरीला गेल्याची तक्रार हा ‘जाऊ तिथे खाऊ’ या चित्रपटाचा विषय झाला तेव्हा खेड्यातल्या प्रेक्षकाला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही. या थट्टेचा एक दुष्परिणाम मात्र झाला. रोहयो म्हणजे खाबुगिरी एवढंच शहरी वाचकाच्या डोक्यात उरलं. त्याच योजनेवर 1980 च्या दशकाच्या मध्यात वर्षाला 15 कोटींहून अधिक मनुष्यदिवस काम होत होतं, ही बातमी कधी झाली नाही.

या कामांतून उभं राहिलेलं पाणी कोणाचं, हा प्रश्न त्याहून अवघड. पाझर तलाव खणणारे भूमिहीन. तलावात पाणी साठलं की खालच्या विहिरींना पाझर फुटणार, आणि त्या विहिरी जमीनवाल्यांच्या. मजुराला चार महिन्यांची मजुरी, बागायतदाराला कायमचं पाणी. हा तिढा सोडवण्याचा सर्वांत धीट प्रयत्न सरकारबाहेर झाला. पुण्यातले उद्योजक विलासराव साळुंखे बहात्तरच्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले, खडी फोडणारी माणसं पाहिली आणि नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरवायचा. भूमिहीनालाही त्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. शेवटची अट ऐकून आजही अनेकांना ठसका लागेल.

दुसरा प्रयत्न पागे यांच्याच सांगली जिल्ह्यातला. 1982 च्या गिरणी संपानंतर गावी परतलेल्या कामगारांनी खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. भारत पाटणकर तिच्या पुढाऱ्यांपैकी एक. दुष्काळी कामावर खडी फोडून दुष्काळ हटत नाही, दुष्काळ हटवणारी कामं काढा, असं या मंडळींचं म्हणणं होतं. येरळा नदीच्या वाळूचा लिलाव ठेकेदार करत होते. गावकऱ्यांनी ती वाळू आपली मानून तिच्यातून काही पैसा उभा केला आणि बलवडी-तांदूळवाडीजवळ बळीराजा स्मृती धरण बांधलं. इथेही पाणीवाटपात भूमिहीनाचा हक्क मान्य होता. पुढे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारानं हमीचीच कामं नीट आखून डोंगरावर चर खणले, झाडं लावली. जिथे गावानं काम निवडलं तिथे माती अडली. जिथे वरून निवडलं गेलं तिथे बिनमोरीचे रस्ते पुढच्या पावसाळ्यात वाहून गेले.

हमीचा पाया हलला तो मात्र भ्रष्टाचारानं नाही, एका चांगल्या निर्णयानं. सरकारी कामावर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणं म्हणजे वेठबिगारी, असं सर्वोच्च न्यायालयानं 1983 मध्ये राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात ठरवलं. महाराष्ट्रातही हमीच्या मजुरीवरून वाद चालू होता. शेवटी 1988 मध्ये राज्यातली मजुरी सहा रुपयांवरून बारा रुपये झाली. मजुरी दुप्पट झाल्यावर कामावर येणाऱ्यांची रांग वाढायला हवी होती. झालं उलटं. मनुष्यदिवस घसरत गेले आणि 1990 च्या सुमारास ते दहा कोटींच्या खाली आले. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी त्याचा माग काढला. माणसांना काम नको होतं असं नाही. कामंच कमी काढली जाऊ लागली. खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी हमी आतून आखडली. कायद्यातलं एक अक्षरही त्यासाठी बदलावं लागलं नाही.

त्यानंतर योजनेनं कूसही बदलली. 1990 पासून हमीच्या पैशातून खासगी शेतात फळबागा लावण्यास अनुदान मिळू लागलं. कोकणात आंबा-काजू, माणदेश-सोलापुरात डाळिंब-बोर. जवाहर विहिरी आल्या. राज्यात फळबागांचं क्षेत्र झपाट्यानं वाढलं, हे यश खरंच. कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातून उभं राहता आलं. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तो झाड कुठे लावणार? कर मजुराच्या नावानं गोळा होत होता आणि योजना हळूहळू सातबारावाल्याची होत होती. शिवाय गोळा झालेला पैसा त्या निधीत पूर्ण जात नाही, गेला तरी पूर्ण खर्च होत नाही, हा आक्षेप वर्षानुवर्षं घेतला गेला. मराठवाड्यातला मजूर तोवर उचल घेऊन ऊसतोडीला निघून गेलेला असे. नवराबायको मिळून एक कोयता, पोरं फडात, घरी कुलूप. गावात चार महिने हमीचं काम चालू असतं तर त्यांतले किती कोयते घरीच राहिले असते, हा हिशेब कोणत्याही कारखान्याच्या अहवालात येत नाही.

महाराष्ट्राची कल्पना 2005 मध्ये दिल्लीनं उचलली. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संसदेत मंजूर झाला आणि फेब्रुवारी 2006 मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली. घराला वर्षाला 100 दिवस, महिलांना किमान एक तृतीयांश जागा, पंधरा दिवसांत मजुरी, काम नाही दिलं तर भत्ता. सुरुवातीचे तीस दिवस मजुरीचा चौथा हिस्सा, नंतर निम्मा. महाराष्ट्रानं आपला कायदा त्याच्याशी जुळवून घेतला आणि शंभर दिवसांनंतरचा भार स्वतःकडे ठेवला. देशभर गाजलेल्या योजनेचा मूळ आराखडा आपल्याकडचा, याचा अभिमान भाषणांतून बराच ऐकू येतो. जन्म देणाऱ्या राज्यात पुढे तिचं नीट संगोपन झालं का, हे विचारायचं राहून जातं.

पोचीचं भूत नव्या व्यवस्थेतही मेलं नाही, फक्त त्याचं रूप बदललं. आता मागणी संगणकावर नोंदवायची असते, आणि बरेचदा ती काम निघेल त्या दिवशीच नोंदवली जाते. म्हणजे कागदावर मागणी आणि काम यांत दिवसाचंही अंतर नाही. भत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. 2023 पासून हजेरीसाठी कामावरून दिवसातून दोनदा फोटो चढवणं सक्तीचं झालं. जव्हार-मोखाड्याच्या किंवा मेळघाटच्या डोंगरात रेंज शोधत ग्रामरोजगार सेवकानं टेकडी चढायची, आणि फोटो गेला नाही तर मजुराचा दिवस गेला. 2024 च्या जानेवारीपासून मजुरी आधाराशी जोडलेल्या खात्यातच येऊ लागली. बोगस मस्टरवर हा उपाय आहे, हे नाकारता येणार नाही. पण पूर्वी मजूर मुकादमाची गचांडी तरी धरू शकत होता. सर्व्हरची कशी धरणार?

डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं वीस वर्षांचा तो कायदा मोडीत काढून नवा मंजूर केला. त्यात घराला 125 दिवसांचं आश्वासन आहे. पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षातले 60 दिवस कामं बंद ठेवायची मुभा आहे. आणि खर्च बहुतेक राज्यांसाठी 60:40 असा वाटला जाणार आहे. केंद्रानं राज्याला ठरवून दिलेल्या रकमेपलीकडे गेलेला खर्च राज्याचा. हंगामात मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही, पण ती नवीनही नाही. मजुराला दुसरा पर्याय मिळाला की शेतातली मजुरी वाढते, आणि हीच तक्रार सत्तरच्या दशकातल्या बागायतदारांनीही केली होती. 40 टक्क्यांचा बोजा अंगावर आल्यावर राज्यं काय करतील, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. 1988 नंतरच्या महाराष्ट्राचे आकडे पाहिले की पुरे.

राज्याकडे स्वतःचा असा एक मार्ग होता: तोच, फेब्रुवारीत 300 रुपये कापून घेणारा. व्यवसाय कराची कमाल मर्यादा राज्य ठरवत नाही, घटना ठरवते. अनुच्छेद 276 मध्ये ती मुळात वर्षाला 250 रुपये होती. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं ती 2500 केली आणि तिथेच ती थांबली. दरमहा लाखो रुपये मिळवणारा वर्षाला 2500 भरतो, आणि पंधरा हजारांवर काम करणारा पुरुष कारकूनही 2500 च भरतो. स्त्रियांना 2023 पासून दरमहा 25,000 पर्यंतच्या पगारावर हा कर नाही, तेवढा एक बदल झाला.

ज्या वर्षी ही मर्यादा 2500 झाली, त्याच वर्षी हमीची मजुरी बारा रुपये झाली होती. म्हणजे शहरातल्या एका माणसाच्या पूर्ण करातून, नुसती मजुरी धरली तर, खेड्यातल्या एका माणसाला दोनशेहून अधिक दिवस काम देता आलं असतं. 2025-26 साठी महाराष्ट्रातला हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता, आणि त्या दरानं 2500 रुपयांत आठ दिवस भरतात. फेब्रुवारीत जे जास्तीचे म्हणून खटकतात, त्या 300 रुपयांत एक दिवसही पुरा होत नाही.